शेरा

दर महिन्याला ठरलेले दोन गुरुवार,
ठरलेली अठरा दुकानं, ठरलेल्या वस्तू.
मेथीची पेंडी. अर्धा किलो तूरडाळ. एक दाढी.
एका शर्टाची इस्त्री. दोन खोल्यांचं भाडं.
दुकानदार बदलला तरी चालेल, साहेब सांगतात,
वस्तू बदलायची नाही.

ताराबाई पार्कात इस्त्री बारा रुपये.
परीट वर येतो, बेल दाबतो, दाराबाहेर थांबतो.
मंगळवार पेठेत सात. गाठोडं आपण न्यायचं,
आणि बंडा परीट कोळसा फुंकता फुंकता विचारणार,
"थोरलीचं जमलं का कुठं?"
म्हणजे सात, अधिक उत्तर.
फॉर्मवर मी सातच लिहिते.

गंगावेशीत म्हैस समोर, पेला हातात,
फेस मापात धरायचा की नाही
यावर रोज नवं भांडण, आणि भांडणारे जुनेच.
नागाळा पार्कात दूध पिशवीतलं,
लिटरला अकरा रुपयांनी कमी, आणि शांत.
रकान्यात दूध म्हणजे दूध.
फेसाला रकाना नाही.

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत,
चढत्या नंबराला भाडं उतरत जाईल असं वाटतं,
तसं काही नाही.
एका गल्लीत दोन खोल्या, बाल्कनी, नळाला दोन तास पाणी,
साडेआठ हजार.
मालकीणबाई गोड हसून म्हणाल्या,
"तेवढं रविवारचं बघा हं, आमच्यात वास चालत नाही."
कोल्हापुरात!
साडेआठ हजार वजा बावन्न रविवार,
हे गणित मला जिन्यात उभं राहून सुटेना.

लक्ष्मीपुरीत दस्तगीर बागवान सकाळी मेथी वीसला देतो,
दुपारी पंधराला, रात्री साडेआठला दहाला,
आणि दिवे मालवताना दोन पेंड्या दहाला.
"बोला मावशी, तुमाला लिवायला कितीची पायजे?"
मी अकरा वाजताची लिहिते. नियमात अकरा आहे.
पार्कातली धुणीभांडी उरकून बायका साडेआठला येतात,
तेव्हा माझं पॅड पिशवीत असतं
आणि मीही त्यांच्यात असते.

महिनाअखेर सगळ्याची सरासरी निघते.
सरासरीत राहणारं माणूस मला अजून भेटलं नाही,
पत्ता मिळाला असता तर खोली बघून आले असते.

आमची खोली नमुन्यात नाही.
शाहूपुरीत, ओढ्याकडच्या उतारावर,
भाडं साडेतीन हजार, कारण भिंतीवर रेघ आहे.
पाणी उतरताना ठेवून गेलं ती,
मातकट, जमिनीपासून साडेचार फूट,
कपाटाच्या मागूनसुद्धा सरळ गेलेली.
सुयोग दर दिवाळीला तिथं उभा राहून
पेन्सिलीनं स्वतःला मापतो.
यंदा हनुवटी रेघेच्या वर निघाली.
म्हणाला, "आता आलं तरी बोलता येईल की."
मी पोळी उलटली. जरा जास्तच भाजली.

परवा मालक आले, डिस्टेंपरचे दोन डबे आणि एक पोऱ्या घेऊन.
एका दुपारीत रेघ गेली,
तिच्याबरोबर सहा दिवाळ्या.
"पाच हजार करूया आता," म्हणाले.
मी म्हटलं, पाणी तर तेवढंच येणार न्हवं?
ते भिंतीकडं बघत राहिले, अभिमानानं.
"कुठंय पाणी? दाखवा की."

फॉर्मचा शेवटचा रकाना: शेरा.
सहा वर्षांत एकदाही भरला नाही.
त्याला संगणकात जागा नाही, असं साहेब म्हणतात,
आणि साहेब वाईट नाहीत,
त्यांनाही बदलीची भीती आहे, फुलेवाडीत हप्ता आहे.

रात्री सुयोगला भिंतीशी उभा केला.
"आता काय?" म्हणाला, अर्ध्या झोपेत.
हनुवटीखाली बोट धरलं,
तिथून चार बोटं खाली उतरले,
आणि रंग सुकायच्या आत
नखानं ओढली.